ताईच्या तोंडातली लवंग

माझ्या ताईच्या तोंडात दोन वर्षं लवंग होती. म्हणजे नव्हती. पण तिने जगाला तसं सांगितलं, आणि तेच कोर्टात आमच्या गळ्याशी आलं.

ताई शिवणकाम करते. ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा बेतायची आणि त्याच तोंडाने त्या बाईची चेष्टाही करायची. पोटात मळमळायचं म्हणून डॉक्टरने गोळी दिली. फार तर बारा आठवडे घ्यायची गोळी. पण हा दर खेपेला मान वर न करता "चालू ठेवा" म्हणत राहिला, आणि ताई वर्षानुवर्षं घेत राहिली. पोट शांत झालं आणि जीभ सुरू झाली. सारखी आत-बाहेर, ओठांची चपचप, गाल एका बाजूला ओढलेला. टाचणी धरली की ओठातून रक्त. मेंदूच्या डॉक्टरांनी निदान केलं ते फार उशिरा. गोळीनेच हे झालंय, म्हणाले, आता बंद केली तरी जाईलच असं नाही.

दिसायला ते किळसवाणं आहे. मी सख्खी बहीण, तरी म्हणते. जेवताना मी आपल्या ताटात बघते. पण मला खरी किळस आली ती लोकांची. गिऱ्हाइकं आपल्या पोरांना मागे ओढायची, "ही वाकुल्या दाखवते" म्हणायची. म्हणून ताईने लाजेखातर गोष्ट रचली, "दाढ दुखते हो, लवंग धरलीय." दाढा बिचाऱ्या ठणठणीत.

आम्ही डॉक्टरवर आणि औषध कंपनीवर दावा लावला. कंपनीला धोका माहीत होता आणि तिने तो खोक्यातल्या कागदावर तळाशी मुंगीच्या अक्षरांत छापला, असं आमच्या वकीलबाईंचं म्हणणं. कंपनीचा वकील उठला. त्याने गिऱ्हाइकांच्या साक्षी आणल्या होत्या.

"या बाईंना चघळायची सवय आहे," तो म्हणाला. "कधीही बघा, तोंडात लवंग. सवयीला आजार म्हणत नाहीत. आणि औषध पोटाचं आहे, जिभेचं नाही. दावा फेटाळावा."

स्वतःच्या विनोदावर तो हसला. हसताना त्याच्या गालातली पेपरमिंट मला दिसली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. "कोर्टात काही खायचं नाही. तोंडातलं टाकून या."

ताई उठली. "बाई, टाकण्यासारखं असतं तर कधीच टाकलं असतं," म्हणाली आणि तिने आ केला. रिकामं तोंड, आणि त्यात ती जीभ वळवळतेय. पुढच्या रांगेतल्यांनी माना फिरवल्या. वकिलाने नाकाला रुमाल लावला, जणू वास येत होता.

"म्हणजे आजवर खोटं बोललात?" त्याने रुमालाआडून विचारलं.

"हो. लाज वाटायची," ताई म्हणाली. "आता तुमची वाटते."

"आणि वकीलसाहेब, तुमच्या गालात काय आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. त्याने पेपरमिंट तशीच गिळली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण निर्लज्जाला किती लाज वाटणार? तो माझ्याकडे वळला. "तुम्ही यांच्यासोबत राहता. झोपेत हे चालतं का?"

मी उभी राहिले. "नाही. झोपेत थांबतं."

"ऐकलंत? जागेपणीच ही नाटकं."

न्यायाधीशबाईंनी समोरचा कागद बोटाने सरकवला. "मेंदूच्या डॉक्टरांनी हेच लिहिलंय. या आजारात झोपेत हालचाल थांबते. लवंगेचं पुरे झालं. दावा पुढे चालेल."

वकील खाली बसला. मला कुणी आणखी काही विचारलं नव्हतं, पण मी उभीच होते.

"झोपेत ती माझी पूर्वीची ताई असते," मी त्याला म्हणाले. "सकाळी तिला हाक मारून उठवायला माझी जीभ उचलत नाही."