पहिलं मोजमाप

अठ्ठावीस वर्षं मी प्रयोगशाळेत उंदरांच्या रक्तवाहिन्या ताणत बसले. वाहिनीचं बारीकसं कडं कापायचं, कोमट खारट पाण्यात दोन तारांमध्ये अडकवायचं. आधी आवळणारं औषध, मग सैल करणारं. तरुण उंदराचं कडं लगेच सैल पडायचं. म्हाताऱ्या, रक्तदाब वाढलेल्या उंदराचं आवळायला हे जोरात, सैल व्हायच्या नावानं मात्र बोंब! आमचा एक नियम होता: पहिलं आवळणं धरायचं नाही. कडं तेव्हा नुकतं जागं होत असतं.

हाच नियम मी अतिशहाणीनं दादाला लावला.

दादा, माझा थोरला भाऊ, अडुसष्ट वर्षांचा. दवाखान्याचं नाव काढलं की हा पळ काढायचा. "आमची बारकी अर्धी डॉक्टरच आहे," म्हणत दर रविवारी रक्तदाब मोजायला माझ्यापुढे दंड करायचा. पहिल्यांदा एकशे ब्याऐंशी यायचं. "हे धरायचं नाही," मी म्हणायचे. त्याला पाणी द्यायचे, इकडच्यातिकडच्या गप्पा मारायचे, पुन्हा मोजायचे. चौथ्या-पाचव्या खेपेला एकशे चव्वेचाळीस आलं की तेवढंच वहीत. वही डॉक्टरांना मीच नेऊन दाखवायचे. ते गोळी तीच ठेवायचे. पाचदा मोजून सोयीचं तेवढं उचलणाऱ्या विद्यार्थिनीला मी प्रयोगशाळेत फाडून खाल्लं असतं. भावाच्या बाबतीत माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

मार्चमध्ये दादा आंघोळ करून बाहेर येताना कोसळला. मेंदूतली वाहिनी फुटली होती. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं.

काल वहिनी त्याला चमच्यानं सूप भरवत होती. मला राहवलं नाही. वही तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं दादाची हनुवटी पुसली. "माहीत होतं यांना, वन्सं."

"काय?"

"पहिलंच खरं असणार, हे. मी म्हटलं, मग तिला सांगा ना तसं! तर म्हणाले, 'जास्त आलं की बारकी पांढरीफटक पडते गं. कमी आलं की कशी खुलते! राहू दे.'"

वहिनीच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मला रडू फुटलं. दादा माझ्याकडे बघत होता, आणि तोंडाच्या एकाच बाजूनं मला हसवायला धडपडत होता.