धूळ ओढणारी मशीन

आशाबाई गेल्या त्या दिवशी त्यांचे यजमान गुणवंतराव पहिल्या पाळीला खाणीत डंपर चालवत होते. खाणीत फोन चालत नाही. तो वर शेडमधल्या पेटीत ठेवायचा आणि पाळी सुटल्यावर घ्यायचा. सकाळी वायरलेसवर सुपरवायझर बोलला, की गुणवंतराव, माल टाकून झाला की गाडी खाली नेऊ नका, यार्डात आणून लावा. का, ते त्याने सांगितलं नाही. गुणवंतरावांना वाटलं, गाडीत काही बिघाड सापडला असेल. मग रस्त्याने जाताना समोरून येणारे भरलेले डंपर बाजूला दबून त्यांना वाट देऊ लागले. खाणीची रीत उलटी आहे. भरलेल्या गाडीला रिकामीने वाट द्यायची असते. गुणवंतरावांची गाडी रिकामी होती, आणि कालपर्यंत शिवी दिल्याशिवाय न हलणारे ड्रायव्हर मान खाली घालून थांबत होते. वायरलेस सगळ्यांच्याच गाडीत असतो. जे त्यांना सांगितलं नव्हतं ते बाकीच्यांना कळलेलं होतं. यार्डात पोचेपर्यंत मग त्यांनाही कळलं.

आशाबाई नळापाशी फडकं पिळता पिळता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचे दिवस क्वार्टरात माणसं मावत नव्हती. सिरोंच्यापासूनचे नातेवाईक आले. विहारातली मंडळी वंदना घेऊन गेली. येणाऱ्या बायका घरच्यासारख्या कामाला लागल्या, कोणी चहा ठेवला, कोणी झाडू घेतला. आणि तिथेच चुकलं. घुग्घुसला धूळ म्हणजे कोळशाची धूळ, आणि ती कोरड्या झाडूने निघत नाही, फक्त जागा बदलते. तिसऱ्या दिवशी नात दिव्यानी हिचा श्वास लागला. पाच वर्षांची पोर, दमा आधीपासूनचाच, पण एवढा जोर कधी झाला नव्हता. ओठ निळे पडले. दुखवट्याला आलेली माणसं मागे ठेवून निकेश आणि रंजीता, म्हणजे मुलगा आणि सून, पोरीला घेऊन चंद्रपूरला पळाले.

डॉक्टरांनी विचारलं की घरात धूळ किती. रंजीताने खरं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, झाडू बंद करा, व्हॅक्यूम क्लीनर घ्या, गाद्या-पडदे सगळं त्याने साफ करा, नाही तर पोरीला तिथे ठेवू नका.

रंजीता चंद्रपूरच्या एका पतसंस्थेत नोकरीला होती. सकाळच्या बसने जायची, दिवे लागताना यायची. निकेश सिमेंटच्या कारखान्यात पाळ्या करायचा. आजवर पोरगी आजीच्या हाताखाली होती म्हणून चाललं होतं. आशाबाईंची रीत अशी, की घरात कोरडा झाडू फिरवायचाच नाही. आधी पाणी शिंपडायचं, मग ओलं फडकं. ट्रकच्या रस्त्याकडच्या खिडक्यांना जुनी लुगडी भिजवून बांधायची आणि ती वाळली की पुन्हा भिजवायची. हे काम दिवसभर चालायचं, आणि ते चालतं हे बाकीच्या तिघांना त्या गेल्यावर दिसलं. रंजीताने आठवडाभर करून पाहिलं. बसच्या आधी पुसायची, आल्यावर पुसायची. मधल्या वेळात पोरगी शेजारी, घराला बहुतेक कुलूप असायचं आणि उघडल्यावर फरशीवर पावलं उमटायची.

शेवटी तिने दिव्यानीला मूल गावी, आपल्या आईकडे नेऊन ठेवलं. निघताना तिने सासऱ्यांना सांगितलं, "मामाजी, घर पहिल्यासारखं झालं तर मी तिले आणीनच. नाई झालं तर जूनमधी मूलच्याच शाळेत नाव टाकू. मग आमाले पण तिकडंच राहा लागन."

गुणवंतराव हो म्हणाले. पण निकेश पाळीवर नाही तर झोपलेला, रंजीता कामावर, आणि आपण ताट घेऊन एकटे बसलेलो, हे आता रोजचं झालं होतं. निदान एक आवाज घरात असावा, तो पोरीचा असावा, एवढीच त्यांची मागणी होती. ती पूर्ण व्हायला एक मशीन हवी होती.

निकेश म्हणाला, बाबा, मोबाइलवर मागवून देतो. गुणवंतरावांनी ऐकलं नाही. मशीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घ्यायची नसते, हे त्यांचं पक्कं मत होतं. सुट्टीच्या दिवशी त्यांनी खिडकीच्या कठड्यावरची धूळ जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने गोळा केली, प्लास्टिकच्या थैलीत बांधली आणि थैली खिशात घालून चंद्रपूरची बस धरली.

दुकान मोठं होतं. मशीन दाखवायला रश्मी नावाची मुलगी होती. तिने गालिच्यावर चिमूटभर मैदा सांडला आणि मशीन फिरवून दाखवली. मैदा गेला.

"मैदा नको बाई," गुणवंतराव म्हणाले. "आमच्या घरी मैदा पडत नाई."

आणि त्यांनी खिशातली थैली काढून गालिच्यावर रिकामी केली.

फ्रिज पाहायला आलेलं एक जोडपं हसलं. मालक गल्ल्यावरून उठून आला. "भाऊ, गालिचा खराब करून राह्यले तुमी."

"मशीन चांगली असन तर काऊन खराब होईन?"

रश्मीने तोंड फिरवून हसू आवरलं आणि एकेक मशीन लावून पाहिली. दोन मशिनींनी गालिचा साफ केला. एक होती ड्रमसारखी, चाकांवरची, लठ्ठ पाइपाची. तिने दोन झटक्यांत काम संपवलं आणि आवाज असा केला की जोडप्याने कानांवर हात ठेवले. दुसरी लहानशी, एका हाताने उचलेल अशी. तिला वेळ लागला.

रश्मीने लहान मशीनची बाजू घेतली. ती म्हणाली, काका, बारीक धूळ असेल तर ही घ्या. ही मागून जी हवा सोडते ती गाळून सोडते. फिल्टर तेवढा वेळच्या वेळी बदलावा लागतो, तो धुवायचा नाही, झटकायचा नाही.

गुणवंतरावांनी ती उचलून पाहिली. वजनच नव्हतं. जन्म गेला होता मोठ्या गाड्यांवर. ज्याचा आवाज दणकून येतो, ज्याची ओढ मोठी, ते यंत्र कामाचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. फिल्टर बदलायची गोष्ट तर त्यांना दुकानदारीचीच वाटली. डंपरचा फिल्टर चोंदला की वर्कशॉपमधला पत्रू त्याला कॉम्प्रेसरची हवा मारतो, ठोकतो आणि परत बसवतो. सगळं आयुष्य तसंच चाललं होतं.

"हे पोरासोरायचं खेळणं वाटते," ते म्हणाले. "मोठी द्या."

रश्मीने एकदा विचारलं, घरात कोणाला दम्याचा त्रास आहे का. गुणवंतराव हो म्हणाले, म्हणूनच मोठी पाहिजे. ती आणखी काही सांगणार होती, पण मालकाने पावती फाडायला घेतली होती.

महिनाभर गुणवंतरावांनी घर उलथं करून साफ केलं. पाळी करून यायचे, चहाही न घेता मशीन लावायचे. गाद्या, उशा, पडदे, बुद्धाच्या मूर्तीमागची भिंत, कपाटावरची जागा. आवाजाने शेजारच्या सोनीबाई दारात येऊन म्हणायच्या की भाऊ, तुमच्या घरी आता खाण सुरू झाली काय. ड्रम उघडला की आत काळा गाळ निघायचा आणि तो पाहून गुणवंतरावांना बरं वाटायचं. एवढं बाहेर निघालं, म्हणजे एवढं कमी झालं. मूलला फोन लावून ते दिव्यानीला सांगायचे की तुझी खोली आरशासारखी झाली. पोरगी विचारायची, मंग कवा येऊ आबाजी.

ओढ कमी झाल्यासारखी वाटली तेव्हा त्यांनी फिल्टर काढून खाणीत नेला. पत्रूने तो उलटासुलटा पाहिला, म्हणाला हा तर कागद आहे भाऊ, आणि नेहमीसारखी हवा मारून दिली. फिल्टर नव्यासारखा पांढरा झाला. मशीन पुन्हा जोरात ओढू लागली. आधीपेक्षा जास्त जोरात. गुणवंतरावांनी पत्रूला चहा पाजला.

बुद्ध पौर्णिमेला रंजीता दिव्यानीला घेऊन आली. दोन दिवस ठेवून पाहू, असं ठरलं होतं. सकाळी विहारात जाऊन आले, खीर झाली. सगळं बेस चाललं होतं. रंजीताने बोट फिरवून खिडकीचा कठडा पाहिला आणि तेच बोट न पुसता पोरीच्या केसांतून फिरवलं. म्हणजे पसंत होतं. पोरगी घरभर फिरत होती. तिचा श्वास मोकळा होता.

दुपारी झोपायच्या आधी गुणवंतरावांना वाटलं, पोरीच्या खोलीतल्या गादीवरून एक हात फिरवून द्यावा. दिव्यानीला मशीन पाहायची होतीच. ती ड्रमच्या मागे उकिडवी बसली. मागच्या जाळीतून वारा येत होता, त्याने तिचे केस उडत होते आणि ती हसत होती. गुणवंतरावांचं लक्ष पाइपाच्या तोंडाकडे होतं. गादीची शिवण, कोपरा, उशीची बाजू. ते मन लावून करत होते. तोंडाशी सगळं स्वच्छ होत होतं.

हसणं थांबलं ते त्यांना मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. रंजीताने स्वयंपाकघरातून येऊन बटण बंद केलं तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. पोरीच्या कपाळावर, पापण्यांवर, नवीन पांढऱ्या फ्रॉकवर काळा थर बसला होता. ती छाती वर ओढून श्वास घ्यायला बघत होती आणि तो आत जात नव्हता.

रंजीताने तिच्या तोंडाला दम्याचा पंप लावला. एकदा, दोनदा. निकेश मोटरसायकल काढायला धावला, पण पोरीला मागे धरून न्यायची ती वेळ नव्हती. सोनीबाईंच्या मुलाने ऑटो आणला. गुणवंतराव पायात काही न घालता पुढे बसले. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. ते ऑटोतून उतरले आणि रांगेच्या पुढे जाऊन एकेका ड्रायव्हरला हात जोडू लागले. कोणी ओळखीचे होते, कोणी परप्रांतातले. गाडी मागे घ्या बाबू, पोरगी आहे. ते पळत होते आणि मागून ऑटो येत होता. आपण पळतो आहोत तोवर ती जिवंत आहे, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. रस्ता मोकळा झाला तरी ते थांबेनात, निकेशने ओढून त्यांना आत घेतलं.

दिव्यानी वाचली. चंद्रपूरला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं, मग सोडलं.

घरी येऊन निकेशने फिल्टर काढून उजेडासमोर धरला. हवेच्या माराने कागद घडीघडीला फाटला होता. जोर वाढला होता तो त्याच्यामुळे, अडवणारं काही उरलंच नव्हतं म्हणून. पुढून ओढलेली धूळ मशीन मागून खोलीतच सोडत होती. निकेशने तो बापासमोर फरशीवर ठेवला आणि बाहेर निघून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

रंजीता दवाखान्यातून पोरीला परस्पर मूलला घेऊन गेली. बसमध्ये बसण्याआधी ती म्हणाली, "मामाजी, तुमी मुद्दाम नाई केलं, मले मालूम आहे. पण आता मले माह्याच घरी झोप येणार नाई."

पुढच्या सुट्टीला गुणवंतराव ड्रम पोत्यात बांधून दुकानात घेऊन गेले. परत घ्या म्हणायला नाही, काय झालं ते सांगायला. मालक घेणार नाही हे त्यांना माहीत होतं. रश्मीने ओळखलं, म्हणाली काका, यावेळी थैली नाही आणली. मग त्यांचं तोंड पाहून तिने स्टूल पुढे केलं. काय घडलं ते त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, काही न लपवता. तिने लहान मशीन काढून समोर ठेवली.

"आता तूच सांग बाई. ही नेली तर पोरगी येईन का?"

रश्मीने मालक कुठे आहे ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, ही ओढलेली धूळ बाहेर सोडणार नाई. एवढं पक्कं. पण तुमच्या घरी खिडकीतून दिवसभर जे येते ना, त्याले कोणती मशीन थांबवन? दिवसा घरी कोण राह्यते?"

"कोणी नाई."

"मंग मी तुमाले हो कसं म्हणू?"

गुणवंतरावांनी मशीनवर हात ठेवला. ती घ्यावी, तर पुन्हा एकदा पोरीचा जीव पणाला लावून पाहायचं. न घ्यावी, तर पाहायचंही काही राहत नाही. नोकरी सोडून दिवसभर घरात फडकं फिरवत बसावं, असंही त्यांच्या मनात आलं. पण नोकरी सोडली की क्वार्टर जातं, आणि मग साफ करायला घरही नाही. त्यांनी तिला विचारलं की दुसरी एखादी मशीन येणार आहे का, पुढच्या महिन्यात, दिवाळीला, कधीतरी. ती म्हणाली, येतात काका, नवीन नवीन येतच राह्यतात. तिने हे त्यांचं मन राखायलाच म्हटलं हे दोघांनाही कळलं.

तेवढ्यात मागे गिऱ्हाईक उभं राहिलं. रश्मीला जावं लागलं. गुणवंतराव बराच वेळ तिथेच थांबले, कधी लहान मशीनचं झाकण उघडून, कधी मागच्या जाळीपाशी तळहात धरून. ती चालू नव्हती.

जून लागला. दिव्यानीचं नाव मूलच्या शाळेत टाकलं. निकेश तिकडे राइस मिलमध्ये काम शोधतो आहे. घुग्घुसला दिव्यानीच्या खोलीचं दार त्या दिवसापासून लावलेलं आहे, आणि त्या दुपारी उडालेली धूळ आत गादीवर, पडद्यांवर, भिंतींवर तशीच बसलेली आहे. ती काढायची राहिली आहे. कशाने काढायची ते अजून ठरलेलं नाही.