बुडाची पेज

हे मी सांगणारच नव्हते. लाकडाचं कोण ऐकतं? पण चुलीपाशी पेजेचं जुनं मडकं राख घेऊन पडलंय, दिवसभर माझ्याकडेच बघतं. म्हणून सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पळी आहे. दरेकशाच्या जंगलातल्या शिवणीच्या झाडाची. सुखरामनं मला बायकोसाठी कोरलं. सुमित्राबाईनं हातात घेतलं अन् हसली, "केवढी लांब केली गा! एवढं खोल मडकं आहे का आपल्या घरी?"

"धान पिकू दे. मडकं बी आणतो."

माझं काम पेज वाढायचं. पेज म्हणजे भरपूर पाण्यात शिजवलेला मूठभर तांदूळ. पाणी वर, शितं खाली. पहिलं शीत किती खोल लागतं, त्यावरून मला घराची हालत कळायची. धान पिकलं की तोंड बुडवताच शितं लागायची. एकोणीसशे साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा अर्धा दांडा बुडाला तरी नुसतं पाणी. मग एकदम बूड. तिथं घासले की खर्र वाजायचं. शेजारी ऐकतील म्हणून सुमित्राबाई मला हळूच फिरवायची.

एक दिवस बाबू आला. सरकारी खिचडीसाठी गरीब घरांची नावं लिहीत होता. सुमित्राबाईची पोट्टी रुख्मा भुकेनं भिंतीला टेकलेली. नाव लागलं की तिला रोज खिचडी मिळणार होती.

पण दारात आलेला माणूस उपाशी कसा पाठवायचा? सुमित्राबाईनं मला बुडाशी नेलं, आवाज न करता. होती नव्हती ती शितं बाबूच्या वाटीत पडली.

बाबूनं खाल्लं, मिशी पुसली. "अच्छा है! इस घर में तो चावल है." अन् पुढच्या घरी गेला.

"माय, सारा भात त्याले काऊन देला?"

"पाहुण्याले का पाणी पाजू वो?"

उरलेलं पाणी तिनं रुख्माला पाजलं. स्वतः काहीच घेतलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढंही बहुतेक दिवस नाही. पावसाळ्याआधी सुमित्राबाई गेली.

मी तेव्हा एकदा तरी वाजायला हवं होतं.

रुख्मानं मला सासरी आणलं. वर्षं गेली. शीत कधी थोडं वर आलं, कधी परत खाली गेलं. नवरा वारला, लेक गोंदियाला विड्या वळायला गेला. ओट्यावर माणसं म्हणायची, इंग्रज गेला, देश बदलून राहिला. रुख्माच्या मडक्यात शीत मात्र बुडाशीच.

मागच्या उन्हाळ्यात पुन्हा एक बाबू गरीब घरांची नावं लिहायला आला. तरुण होता. "आजी, पोटभर भेटते का?"

रुख्माचा हात आपोआप मला बुडाशी घेऊन गेला. आईसारखाच, हळूच. मग थांबला. तिनं मला जोरात घासलं. खर्र! सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल. अन् वरचं पाणी त्याच्या वाटीत ओतलं.

"पी बाप्पा. मी बी हेच पितो."

तो सगळं प्याला. मग खाली मान घालून त्यानं तिचं नाव लिहिलं.

आता लेकानं तिला गोंदियाला नेलंय. मी खुंटीला, मडकं चुलीपाशी. घरात दुसरं कोणी नाही.

मित्रांनो, कोणाची गरिबी बघायला गेलात, तर तुमच्या वाटीत काय पडलं ते बघू नका. वाढणारीच्या वाटीत काय उरलं ते बघा.

अन् मडक्या, दोस्ता, तुला शब्द देते. पुन्हा कोणी आपल्याला चुलीवर घेतलं अन् तू रिकामं असलंस, तर मी गप राहणार नाही. वाजेन.