डायरेक्ट

गहिनीनाथला एका शब्दाची शिसारी होती. तो शब्द म्हणजे ‘डायरेक्ट’.

कारखान्यात काहीही अडलं, की कोणी ना कोणी हा शब्द थुंकायचाच. पंपाचा स्विच चालत नाही? डायरेक्ट करा. मोटर तापून बंद पडते? डायरेक्ट करा. म्हणजे काय, तर मध्ये बसवलेली राखण काढून टाकायची, तारेचा एक तुकडा या टोकाकडून त्या टोकाला जोडायचा आणि वीज मोकाट सोडायची. मशीन चालतं, जळेपर्यंत चालतं. मग हीच माणसं कपाळाला हात लावून विचारणार, “फोरमन, जळालं कसं काय हो?”

कोपरगाव तालुक्यातल्या त्या साखर कारखान्यात गहिनीनाथ इलेक्ट्रिक फोरमन होता. बांगलादेशची लढाई झाली, त्या हंगामाची ही गोष्ट. त्याआधीच्या पावसाळ्यात, गाळप बंद असताना, त्यानं गव्हाणीसाठी नवं पॅनेल बांधलं होतं. गव्हाण म्हणजे गाड्यांतला ऊस चरकाकडं ओढून नेणारा साखळ्यांचा पट्टा. वाटेत तो उसाचे तुकडे करणाऱ्या पात्यांखालून जातो. गहिनीनाथनं एका लोखंडी कपाटात ओळीनं रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर आपोआप उघडझाप करणारे स्विच, बसवले आणि त्यांना रीत शिकवली. चरक फिरतोय असं कळल्याशिवाय पाती फिरायची नाहीत, पाती फिरल्याशिवाय गव्हाण हलायची नाही. थोरल्यानं हो म्हटल्याशिवाय धाकट्यानं उंबरा ओलांडायचा नाही, तसं. आणि या सगळ्यांच्या वर एक दोरी. गव्हाणीच्या कडेनं, हाताला येईल अशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. कोणीही कुठूनही ओढली, की स्विच पडायचा, रिले सुटायचा आणि गव्हाण जागच्या जागी उभी राहायची.

पॅनेलचं दार उघडून रिलेंची टकटक ऐकत उभं राहिलं, की त्याला बरं वाटायचं. बाहेर मळीचा आंबूस वास, कुजलेल्या पाचटाचा चिखल, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या भिंती. सगळ्या कारखान्यात तेवढं एक कपाट स्वच्छ होतं.

हंगाम सुरू झाला आणि त्या दोरीचं लोकांनी काय करावं? आधी तिच्यावर कोणाचा तरी ओला पंचा वाळत पडला. मग भाकरीची फडकी लोंबू लागली. आणि मग बैल आले. गाडी गव्हाणीशी लागली, की गाडीवान बैल सोडायचा, दावं समोर दिसणाऱ्या दोरीला बांधायचा आणि ऊस खाली करायला लागायचा. बैलानं माशी हाकलायला मान झटकली, की गव्हाण ठप्प, चरक रिकामा आणि इंजिनियरची बोंब.

गहिनीनाथ तणतणत गव्हाणीवर गेला. “हा बैल कोणाचा?”

“माजा जी,” बन्सी नावाचा गाडीवान ऊस टाकता टाकता म्हणाला.

“दोरीला कशाला बांधलास?”

बन्सीनं जरा विचार केला. “दोरीला न्हाई बांदायचा, तर मंग कशाला बांदायचा?”

गहिनीनाथनं दावं सोडून त्याच्या अंगावर फेकलं. “दावं तुझ्याच गळ्यात बांधायला पाहिजे. यातला बैल कोण, हेच मला कळत नाही!” आजूबाजूचे हसले. बन्सी खुळ्यासारखा बघत राहिला. दोरी कशासाठी आहे, हे काही गहिनीनाथनं त्याला सांगितलं नाही. गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. कोण वाचत बसणार?

एकट्या बायडाबाईला मात्र त्यानं सांगितलं होतं. बायडाबाई त्याची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर ती दिराच्या घरात दिवस काढत होती, म्हणून गहिनीनाथनंच शब्द टाकून तिला कारखान्यात लावलं होतं. गव्हाणीतून खाली सांडलेला ऊस गोळा करायचा आणि परत वर टाकायचा, हे तिचं काम. पहिल्याच दिवशी त्यानं तिला दोरीपाशी उभं केलं. “काही झालं तर ओरडत बसू नको. ही ओढायची.” तिनं ओढून बघितली. एवढं मोठं धूड गप्पकन थांबलं. “लई बेस केलंस, दादा,” ती म्हणाली, आणि तेव्हापासून ती गव्हाणीच्या अगदी कडेला उभी राहून निर्धास्त काम करायची.

बैल काही थांबेनात. शेवटी इंजिनियर राधाकृष्ण डौले यांनी तो शब्द उच्चारलाच. “फोरमन, दोरी डायरेक्ट करून टाका.”

“साहेब, खुंट रोवा. बैल खुंटाला बांधतील. दोरीशी खेळू नका, तिथं माणसं काम करतात.”

“खुंट रोवणं माझ्या खात्यात येत नाही.”

गहिनीनाथ थेट चेअरमनकडं गेला. आबासाहेब जेवून तक्क्याला टेकले होते आणि काडीनं दात कोरत होते. कोरून निघालेलं बोटावर घेऊन बघत होते. गहिनीनाथनं भिंतीकडं बघत सगळं सांगितलं.

“तिकडं सीमेवर पोरं लढतायत, आणि तुम्ही माझ्यापुढं बैलाचं रडगाणं गाता,” आबासाहेब म्हणाले. “सभासदांचा ऊस वाळतोय फोरमन. करा डायरेक्ट.”

तो परत आला तो फणफणतच. त्यानं पॅनेलची चावी डौल्यांच्या टेबलावर आपटली. “माझा हात लागणार नाही. तुमचं तुम्ही निस्तरा.”

“हात कोणाचाही लागला तरी वीज तीच असते,” डौले हसून म्हणाले.

दुपारी तार जोडली गेली. बैलानं मान झटकली, गव्हाण चालूच राहिली, आणि सगळ्यांना आनंद झाला. गव्हाणीवरच्यांना वाटलं, दोरी आता फक्त माणसाचंच ऐकते. गहिनीनाथनं मात्र तोंडाचा पट्टा सोडला. वर्कशॉपमध्ये, कॅन्टीनमध्ये, फाटकावर, भेटेल त्याला तो सांगायचा, “माणसं मारायची तयारी चाललीय यांची. नीच लोक!” पण गव्हाणीकडं तो फिरकला नाही. त्या घाणीत आपण पाय कशाला ठेवायचा? त्यानं हात झटकले होते, आणि झटकलेल्या हातांचा त्याला थोडा अभिमानच वाटत होता.

संक्रांतीच्या आसपास बायडाबाईचा पदर साखळीत गेला.

तिनं ओरडाआरडा केला नाही. उजवा हात पदराबरोबर ओढला जात होता, तिनं डाव्या हातानं दोरी धरली आणि ओढली. गव्हाण थांबली नाही. तिनं पुन्हा ओढली. मग ती दोरीला लोंबकळली. बन्सीनं गाडीवरून उडी मारली, कोयत्यानं लुगडं कापलं आणि तिला मागं खेचलं म्हणून जीव वाचला. हात कोपरापासून गेला.

चार दिवसांनी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले, तेव्हा कारखाना नवरीसारखा नटला होता. भिंतींना चुना, दोरीला लाल रंग. आणि खुंट! ज्या खुंटांसाठी गहिनीनाथनं घसा कोरडा केला होता, ते ओळीनं रोवलेले होते. बैल शहाण्यासारखे रवंथ करत उभे. तारेचा तुकडा अर्थातच गायब.

इन्स्पेक्टरांनी दोरी ओढली. गव्हाण जागच्या जागी थांबली.

“उत्तम काम,” ते म्हणाले. “कोणी बांधलं पॅनेल?”

“आमच्या फोरमननं,” डौले लगेच बोलले. “बाईचा सख्खा भाऊच. बाई घाबरली साहेब, दोरी ओढायचं सुचलं नाही तिला. अडाणी माणसं.”

आबासाहेबांनी मान हलवून हळहळ व्यक्त केली. गहिनीनाथला त्या दोघांची किळस आली. त्याचंच चोख काम पुढं करून ही माणसं ‘मी दोरी ओढली’ म्हणणाऱ्या त्याच्या बहिणीला खोटं पाडत होती.

“तिनं ओढली होती,” तो मोठ्यानं म्हणाला. “दोरी डायरेक्ट होती. या आबासाहेबांनी हुकूम दिला, या डौल्यांनी तार जोडली.” त्यानं पॅनेल उघडायला लावलं, आपल्या खिशातला दुसरा तारेचा तुकडा त्याच जागी लावला, गव्हाण पुन्हा चालू करवली आणि दोरी ओढून दाखवली. गव्हाण खडखडत चालत राहिली. इन्स्पेक्टर डौल्यांकडं बघत राहिले. आबासाहेबांचं पान गालातच राहिलं.

गहिनीनाथ तिथून तडक निघाला आणि कोपरगावच्या दवाखान्यात पोचला. कितीतरी दिवसांनी त्याला स्वच्छ वाटत होतं. बायडाबाई भिंतीला टेकून बसली होती. उशाशी लंकाबाई, तिची जाऊ, तिला पेज पाजत होती.

“बायडे, मी सगळ्यांपुढं सांगितलं,” तो म्हणाला. “माझी बहीण खोटं बोलत नाही, म्हणालो. दोरी डायरेक्ट होती, म्हणालो. साहेबाला दाखवून दिलं. आता त्या डौल्याची धडगत नाही.”

“डायरेक्ट म्हंजी काय?”

“म्हणजे दोरी नुसती नावाला. ओढली तरी काही होत नाही.”

बायडाबाईनं पेजेची वाटी बाजूला सारली. “आन् हे तुला कवा कळलं?”

“पहिल्या दिवशीच. मी चावी फेकून आलो ना त्याच्या तोंडावर! चेअरमनला सांगितलं, वर्कशॉपात सांगितलं, फाटकावरच्या पोलिसालासुद्धा सांगितलं. एकानं ऐकलं असेल तर शपथ.”

लंकाबाई त्याच्या तोंडाकडं बघायला लागली. बायडाबाई मात्र खाली बघत होती.

“समद्यांस्नी सांगितलंस,” ती म्हणाली. “मला का न्हाई सांगितलंस, दादा?”

गहिनीनाथनं तोंड उघडलं. नीच, हलकट, हरामखोर असे कितीतरी शब्द तिथं तयार होते, पण त्यातला एकही आता दुसऱ्या कोणाला लागू पडत नव्हता.

“मी त्या दोरीच्या भरवशावर हुभी हुते रं,” बायडाबाई म्हणाली, आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.