चकलीघर विकायचं नाही

माझ्या नवऱ्याला, गुरुदत्तला, भाव केल्याशिवाय चैन पडत नाही. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावातल्या गाड्यांच्या डीलरपासून गराजमध्ये जुनं सामान विकणाऱ्या आजीबाईंपर्यंत त्यानं कुणालाच सोडलेलं नाही. एरवी मला त्याची गंमत वाटते. या वेळी मात्र त्यानं माझ्या चकलीघरचाच भाव केला.

चकलीघर डॉट कॉम माझं. दिवाळीचा फराळ मी त्यावरूनच विकते. या देशात मी आले ती गुरुदत्तच्या व्हिसावर, त्यामुळे घर, गाडी, बँक, सगळीकडे पहिलं नाव त्याचं. हे एकच मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. ते गेलं असतं तर मी पुन्हा नुसती गुरुदत्तची बायको उरले असते.

एका बड्या फराळ कंपनीनं अलीकडेच 'चकलीघर' या नावाचा ट्रेडमार्क घेतला आणि आम्हाला ईमेल केली, की डोमेन, म्हणजे साइटचं नाव, विकता का? साइटवरच्या ईमेल गुरुदत्त बघतो. मला न विचारता त्यानं अव्वाच्या सव्वा आकडा सांगून टाकला. मग डोमेनचे वाद मिटवणाऱ्या संस्थेकडून कंपनीची थेट तक्रारच आली: ही बाई पैसे उकळायला नाव अडवून बसली आहे, डोमेन आम्हाला द्या. पुरावा म्हणून गुरुदत्तची ईमेल जोडलेली.

"अगं, आधी जास्तच सांगायचं असतं," तो म्हणाला. "ते निगोशिएट करतील असं वाटलं."

"मी विकायला काढलं होतं का?"

"नाही, पण मागायला काय जातं?"

"माझं दुकान जातं!"

मी कढई उतरवली आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या स्वानंदीला फोन लावला. ती वकील आहे.

"काकू, पॅनिक होऊ नका," ती म्हणाली. "तुमचं डोमेन आधीचं, त्यांचा ट्रेडमार्क नंतरचा. तुम्ही तेव्हापासून खरंच बिझनेस करताय, हे प्रूव्ह करू. प्रॉब्लेम काकांच्या ईमेलचा आहे. ती कुणी, का पाठवली, हे काकांनी लिहून द्यायचं. खरं तेच."

पहिल्या कामाला मंडळ धावून आलं. आपल्या लोकांना फोटो काढल्याशिवाय फराळ गोड लागत नाही. ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि जुन्या दिवाळ्यांचा पूर आला. कंदिलाखाली माझे डबे, झाकणावर ठळक 'चकलीघर डॉट कॉम'. कंपनीचा ट्रेडमार्क तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

दुसरं काम अवघड होतं. गुरुदत्त लॅपटॉपपुढे बसला आणि त्यानं 'आमची वेबसाइट' असं टाइप केलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, 'आमची' डिलीट केलं आणि लिहू लागला.

"ही वेबसाइट माझ्या पत्नीची, मीनाक्षीची आहे. मी डबे पॅक करतो आणि ईमेल बघतो. भाव मी तिला न विचारता सांगितला. तो अधिकार मला नव्हता आणि नाही."

त्याचे कान लाल झाले होते. "बरोबर आहे ना?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

तक्रार फेटाळली गेली. निकालात गुरुदत्तचं ते म्हणणं शब्दशः घेतलं होतं. त्याच दिवशी, नाव आधीपासून माझं म्हणून कंपनीच्या ट्रेडमार्कला आव्हान देत, मीही ट्रेडमार्कचा अर्ज भरायला बसले. नाव कुणाचं टाकायचं, हे मी कुणालाही विचारलं नाही.