हेझलसाठी डिंकाचे लाडू

वसुधाला कुत्रं हवं होतं. लहानसं, लांब रेशमी कानांचं, कॅव्हेलियर जातीचं. पण मनातलं खरं सांगायचं तर तिला दारात वाट बघणारं कुणीतरी हवं होतं.

अठ्ठावीस वर्षं ती टेक्ससमध्ये, प्लेनोत राहत होती आणि त्यातली सव्वीस वर्षं दर डिसेंबरात मिरजेला आईकडे जात होती. रिक्षा कोपऱ्यावर वळली की फाटकात आई दिसायची. वेळ कळवलेली असो नसो, आई उभीच. दोन वर्षांपूर्वी ती गेली. वसुधा तिच्याकडे निघालेली, अजून विमानात होती. मग भावानं घर विकलं, तो पुण्याला राहायला गेला, आणि फाटकाच्या जागी कुणाचं तरी शटर आलं. लेक आश्लेषा नोकरीनिमित्त दूर, बेलव्ह्यूला. नवरा मोरेश्वर घरीच असायचा, पण वरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, सकाळपासून मीटिंगांत. देवळातून किंवा दुकानातून वसुधा परत आली की बटण दाबायचं, गॅरेजचं दार वर जायचं, गाडी आत गेली की खाली यायचं. झालं स्वागत.

म्हणून एके सकाळी, पूजा आटोपून, मोबाईलवर लहानपणापासून ऐकलेल्या बुवांचं कीर्तन लावून तिनं पिलांचे फोटो पाहायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी एक विक्रेता सापडला. फोटोतलं पिल्लू टोपलीत बसलेलं, गळ्यात रिबीन. आज बुक करा, शुक्रवारी घरपोच. वसुधानं साधा प्रश्न पाठवला, 'पिलाची आई बघायला मिळेल का?'

उत्तर आलं, 'आई आमच्याकडे नसते. रंग कोणता पाठवू?'

साडीचा विचारावा तसा रंग! वसुधानं फोन उपडा ठेवला.

तीन घरं सोडून नकुल राहायचा. मूळचा नागपूरचा, तिशीतला, एका बँकेच्या ऑफिसात सॉफ्टवेअर करणारा. त्याच्याकडे याच जातीचा कुत्रा होता, त्याचं नाव पेढा. वसुधानं त्याला चहाला बोलावलं.

"काकू, वाचलात तुम्ही," चकली मोडत नकुल म्हणाला. "हे लोक एका शेडमध्ये चाळीस-चाळीस कुत्र्या कोंडतात यार. आई दाखवत नाही म्हणजे समजून जायचं. ह्या जातीला हार्टचा त्रास फार. चांगला ब्रीडर आईबापाचं हार्ट डॉक्टरकडून चेक करून घेतो, रिपोर्ट हातात देतो. आणि लगेच पिल्लू देत नाही. थांबवतो."

"मग चांगला ओळखायचा कसा?"

"सोपं आहे. तुम्ही त्याला दहा प्रश्न विचारले तर तो तुम्हाला पन्नास विचारेल. आणि जो तुम्हाला नाही म्हणू शकतो ना काकू, तोच खरा."

ह्या जातीच्या क्लबच्या यादीतून त्यानं एक नाव काढून दिलं. लोरेटा. प्लेनोहून दोन तासांवर, गावाबाहेर घर. सत्तरीची बाई, तीस वर्षं हेच करते आणि वर्षाला एखादीच वीण होऊ देते. सध्या तिच्या हेझल नावाच्या कुत्रीला पाच आठवड्यांची चार पिल्लं होती. तीन आधीच ठरलेली, चौथीला नेणारं कुटुंब ऐनवेळी दुसऱ्या राज्यात बदली झाली म्हणून मागं हटलेलं.

लोरेटाचा फॉर्म सहा पानी निघाला. घराला कुंपण आहे का. जिना आहे का. आधीचा प्राणी कशानं गेला. कुत्र्याला विषारी असे तीन पदार्थ लिहा. वसुधा डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मोरेश्वर पाणी प्यायला खाली आला आणि मागून डोकावला.

"आपल्या लग्नात तुझ्या वडिलांनी मला दोनच प्रश्न विचारले होते," तो म्हणाला. "पगार किती आणि चहात साखर किती."

"म्हणून तर फसले ते."

"आणि ही बाई नाही म्हणाली तर?"

वसुधानं चष्मा वर सरकवला. स्वयंपाकघरात बुवांचा आवाज चालू होता. पूर्वरंग संपवून ते आख्यानात शिरले होते. रानात चुकलेलं वासरू आणि गोठ्यात हंबरणारी गाय. बुवा अशा जागी झांज थांबवायचे, पेटी नुसती धरून ठेवायचे. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती हीच जागा ऐकायची आणि आईच्या पोटातला हुंदका तिच्या कानाला लागायचा. ऐकता ऐकता तिनं पुढची उत्तरं भरली, चॉकलेट, कांदा, लसूण असं टाइप केलं, आणि भराभर पुढं जाऊन फॉर्म पाठवून दिला.

चार दिवसांनी लोरेटाचा फोन आला. शनिवारी या, रविवारी नको, रविवारी मी चर्चमध्ये गाते.

शुक्रवारी दुपारी घरभर तुपाचा वास सुटला. मोरेश्वर हेडफोन गळ्यात अडकवून खाली आला. कढईत डिंक फुलत होता. ताटात खारकेची पूड, भाजलेलं खोबरं, खसखस, मूठभर बेदाणे.

"कोण येतंय?"

"आपणच जातोय ना उद्या. बाळंतिणीला बघायला रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"वसू, ती कुत्री आहे."

"बाळंतीण ती बाळंतीण. चार लेकरं पाजतेय. आश्लेषाच्या वेळी आईनं इतक्या लांब डबा पाठवला होता की नाही? कस्टमवाल्यांनी फोडून पाहिला होता."

"तेव्हा निदान लाडू कोण खाणार हे नक्की होतं," मोरेश्वर पुटपुटला आणि एक उचलून वर गेला.

दुसऱ्या दिवशी हायवे सोडून ते आतल्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना निळी रानफुलं, कुठं कुठं काळ्या गाई. लोरेटाच्या घराला पांढरं कुंपण होतं. ती दारातच उभी होती. उंच, पांढऱ्या केसांची, पायात मोजे.

"बूट बाहेर काढा," ती म्हणाली, "आणि आधी हात धुवा. पिलांना अजून लशी नाहीत."

"चपला बाहेर, हातपाय धुऊन आत," मोरेश्वर मराठीत कुजबुजला. "ही कुठल्या देवळातली गं?"

हेझल एका मऊ गादीवर आडवी होती, बदामी आणि पांढरी. चारी पिल्लं तिच्या पोटाशी एकमेकांवर चढत होती. वसुधाला पाहून तिनं मान उचलली, शेपटी दोनदा आपटली, आणि पुन्हा मान टाकली. दमलेल्या आईची ती मान वसुधानं ओळखली. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि लोरेटापुढं धरला.

"हे हेझलसाठी. आमच्याकडे बाळंतिणीला देतात. अंगात ताकद येते, दूध येतं."

लोरेटानं एक लाडू उचलून फिरवून पाहिला. "ह्यात काय काय असतं?"

वसुधा एकेक मोजू लागली. डिंक, तूप, गूळ, खारीक, खोबरं. "आणि बेदाणे."

लोरेटानं झाकण खटकन लावलं. डबा उचलून फ्रिजच्या वर ठेवला. मग बेसिनशी जाऊन हात धुतले, सावकाश, पाठमोरी राहून.

"हनी," ती वळून म्हणाली, "तीन विषं फॉर्मवर लिहिलीत, चौथं डब्यात घेऊन आलात. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाते. एखादं मूठभरानंही मरतं."

 काल दुपारी वसुधानं जास्तीचे बेदाणे घातले होते, बाळंतिणीला हवेत म्हणून. "मला ठाऊक नव्हतं," एवढंच तिच्या तोंडून आलं.  मोरेश्वर थट्टा विसरून तिच्या जवळ सरकला.

लोरेटा टेबलाशी बसली. समोर वसुधाचा फॉर्म, छापून काढलेला, एका ओळीवर पिवळी रेघ.

"हे मला विचारायचंच होतं. दर डिसेंबरात सहा आठवडे तुम्ही आईकडे जाता. तेव्हा कुत्रं कुठं राहणार?"

मोरेश्वरनं चमकून बायकोकडे पाहिलं. वसुधानं कागद ओढून घेतला. तिनंच टाइप केलेलं होतं. वर्षातून किती दिवस बाहेर, कुठे? सहा आठवडे, आईकडे. व्हिसाचा फॉर्म असो, नोकरीत असताना रजेचा असो, सव्वीस वर्षं तिनं हेच उत्तर दिलं होतं. बोटं आपोआप टाइप करून गेली होती.

"चुकलं," ती म्हणाली. "आई नाही. दोन वर्षं झाली. घरही नाही. मी आता कुठंच जात नाही."

लोरेटानं पेन उचललं. "मग हे खोडू का?"

वसुधानं पटकन कागदावर तळवा ठेवला. का ठेवला, तिचं तिलाही कळलं नाही. "नको," ती म्हणाली. "राहू द्या तसंच."

 गादीवरून एक पिल्लू घरंगळलं आणि फरशीवर चीं चीं करू लागलं. हेझल उठली, त्याला मानेला धरून आत घेतलं, पुन्हा आडवी झाली.

"तीस वर्षांत," लोरेटा म्हणाली, "माझ्या दारात शेकडो माणसं आली. सगळी पिलांसाठी. आईसाठी डबा कुणी आणला नाही." मग आवाज करडा करत, "विषाचा का असेना."

तिनं खणातून दुसरा कागद काढला. करार. चष्मा लावून ती मोठ्यानं वाचू लागली. हृदयाची तपासणी दर वर्षी. वजन सांभाळायचं. आणि शेवटचं कलम, ते तिनं कागदाकडे न पाहताच सांगितलं.

"कुठल्याही वयात, कुठल्याही कारणानं सांभाळता आलं नाही, तर ती इथंच परत आली पाहिजे. बेवारस प्राण्यांच्या शेल्टरमध्ये नाही, दुसऱ्या कुणाला नाही. माझ्या दारात."

"बारा वर्षांची झाली तरी?" वसुधानं विचारलं.

"बारा वर्षांची झाली तरी."

"आणि तोवर तुम्ही नसलात तर?"

मोरेश्वर खाकरला, पण लोरेटाला राग आला नाही. तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "तर माझी मुलगी. तिनं सही केलीय, ही बघा."

वसुधानं ती सही पाहिली. आईचं घर विकताना भावानंही कागद पाठवले होते, तिनं न वाचता सह्या केल्या होत्या. त्यात असं परत येण्याचं एखादं कलम घालता आलं असतं, हे कुणाला सुचलंच नव्हतं. चौकट, फाटक, काही नाही, नुसतं एक कलम. ती डोळे पुसत राहिली आणि लोरेटा टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवत राहिली.

"पाच आठवड्यांनी न्यायची," शेवटी लोरेटा म्हणाली. "आधी दोनदा येऊन बसायचं तिच्यापाशी. आणि त्या सहा आठवड्यांत कुठं गेलात, तर इथं आणून सोडायची. आपल्या आईकडे राहील."

"तिला आठवेल आई?"

"ते मी सांगू शकत नाही, हनी. पण आई असेल."

वसुधानं सही केली. मोरेश्वरनं खाली सही केली आणि फ्रिजवरच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे आम्ही परत नेतो. मला विषबाधा होत नाही."

"चार ठेवून जा," लोरेटा म्हणाली. "आमच्या गाण्याच्या मंडळीत दोघी नव्या आया आहेत."

निघताना ते बूट घालत होते तेव्हा हेझल पिलांना सोडून बाहेर आली. जाळीच्या दारामागं येऊन उभी राहिली, पुढचे दोन पाय जुळवून. मोरेश्वरनं गाडी सुरू केली. वसुधा अर्ध्या वाटेत थबकली. विमानतळाला निघताना आई दर वेळी बजावायची, मागं वळून बघू नकोस, पाय निघत नाही मग. आणि जाते म्हणायचं नाही. तिनं ते सव्वीस वर्षं पाळलं होतं. एकदाही वळून पाहिलं नव्हतं, त्यामुळे फाटकात उभी असलेली आई तिला फक्त येतानाची आठवायची, जातानाची नाही.

ती वळली. जाळीमागं हेझल तशीच उभी होती, तिच्याकडे बघत.

"येते हं," वसुधा म्हणाली.