माझं दूध आधी उकळा

मित्रांनो, मी एक उतारवयाची सांडणी आहे, म्हणजे उंटाची मादी. जन्म कच्छचा, पण अर्धं आयुष्य नागपूरकडच्या वाटा तुडवण्यात गेलं. वजाभाई मेंढपाळाचा सारा संसार माझ्या पाठीवर असतो: खाटा, भांडी, नुकती जन्मलेली कोकरं. उन्हाळ्यात आमचा कळप नरखेडला रुपरावांच्या वावरात बसतो. मेंढ्यांचं खत त्यांना, चारापाणी आम्हाला. तिथे माझं कौतुकही फार व्हायचं.

यंदा वाटेतच माझं पिल्लू दिवस भरायच्या आधी मेलेलं पडलं. वजाभाईनं ते उघड्या हातांनी उचलून पुरलं आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. मला मात्र दूध आलं.

रुपरावांच्या बायकोला, गोपिकाबाईंना, साखरेचा आजार. सांडणीच्या दुधानं तो जातो, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. त्या रोज सकाळी पेला घेऊन यायच्या आणि उभ्याउभ्या कच्चंच दूध प्यायच्या.

"उकळून घे नं वं," रुपराव म्हणायचे.

"काहून उकळू? त्याचा गुण जाते!" त्या हसायच्या.

महिन्याभरात ते हसणं गेलं. ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. घामानं साडी भिजायची. त्या कंबर धरून चालायच्या, तरी ताकद यावी म्हणून दूध चालूच. त्यांची चाहूल लागली की माझा जीव वरखाली व्हायचा. पिल्लू गेल्यापासून माझ्यात काहीतरी बिघडलंय, हे मला कळत होतं. पण सांगणार कसं? मी पाय झाडायचे, पान्हा चोरून धरायचे. वजाभाई मलाच दटावायचा.

शेवटी गोपिकाबाईंना नागपूरला दाखवलं. एका दुपारी रुपराव मोटरसायकल टाकून धावतच आले. "वजाभाऊ, खरं सांग. हिचं पिल्लू मेलं होतं का? नागपूरचे डॉक्टर विचारून राहिले. कच्च्या दुधातून जंतू गेले असतीन म्हणते."

वजाभाईनं कळपाकडे पाहिलं. खरं बोललं तर कुठलंच गाव थारा देणार नाही, ही त्याची भीती.

"हो भाऊ," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही हाकलान म्हणून बोललो नाही. चूक झाली."

गोपिकाबाईंच्या आजाराचं नाव सापडलं, ब्रुसेलोसिस. दीड महिना औषधं चालली, तेव्हा कुठे ताप हटला. वजाभाईचं आणि माझंही रक्त तपासलं. जंतू माझ्यात निघाले, म्हणून मला आता कळपापासून दूर बांधलंय. करमत नाही. कोकरांचा आवाज आला की दोरी ताणते. पण बांधल्याचा राग नाही.

राग त्या दिवसांचा आहे, जे वजाभाईच्या एका वाक्याअभावी गोपिकाबाईंनी कण्हत काढले. मित्रांनो, कुठलंही दूध उकळूनच प्या. मेलेल्या पिल्लाला उघडा हात लावू नका. ताप हटत नसेल तर डॉक्टरांना जनावरांबद्दलही सांगा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं, मग गप्प का राहता?